एकाच काचतंतूतून अनेक तरंगलांबी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायबरच्या, म्हणजे काचतंतूच्या केबलच्या, जोडणीच्या आणि तपासणीच्या कामासाठी कोल्हापूर शहरात, शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आणि थेट कागलपर्यंत माझे नेहमी जाणे-येणे असते. तेथे कारखानदार, केबलचालक, स्प्लायसिंग (तंतू सांधण्याचे काम) करणारी तरुण मुले आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. जमिनीत आधीच पुरलेल्या फायबरची क्षमता आपण फारच थोडी वापरतो. ती कशामुळे आणि कशी वाढते हे समजले, तर नवी केबल टाकण्यासाठी रस्ता पुन्हा खणण्याआधी माणूस एकदा थांबून हिशेब करतो. हे पान त्या हिशेबासाठी आहे.

एका फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवणे म्हणजे नेमके काय?

प्रत्येक लेसर एका ठराविक तरंगलांबीचा, म्हणजे बोलीभाषेत एका ठराविक रंगाचा, प्रकाश देतो. त्या प्रकाशाची तीव्रता अतिशय वेगाने कमी-जास्त करून त्यावर माहिती चढवली जाते. एका फायबरवर एकच लेसर लावला तर एकच माहितीचा प्रवाह जातो. मात्र वेगवेगळ्या तरंगलांबींचे आठ लेसर घेऊन, प्रत्येकावर स्वतंत्र माहिती चढवून, त्या आठांचा प्रकाश एका लहानशा काचेच्या घटकातून एकाच फायबरमध्ये सोडला, तर त्या एका तंतूतून आठ स्वतंत्र प्रवाह एकाच वेळी जातात. पलीकडच्या टोकाला तसाच घटक ते आठ रंग पुन्हा वेगळे करून आठ ग्राहकयंत्रांकडे (रिसीव्हरकडे) पाठवतो. एकत्र करणाऱ्या घटकाला मक्स आणि वेगळे करणाऱ्याला डीमक्स म्हणतात. संपूर्ण पद्धतीला तंत्रज्ञ डब्ल्यूडीएम (वेव्हलेंग्थ डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग) म्हणतात.

ही कल्पना प्रयोगशाळेत बरीच आधीपासून होती, परंतु लांब पल्ल्याच्या व्यापारी जाळ्यांत ती खऱ्या अर्थाने आली ती १९९० च्या दशकाच्या मध्यात. १९९६ मध्ये सिएना या अमेरिकन कंपनीने १६ तरंगलांबींची यंत्रणा बाजारात आणली आणि तेव्हापासून लांब पल्ल्याची क्षमता वाढवण्याचा अर्थ नवी केबल टाकणे एवढाच राहिला नाही.

केबल सोलल्यावर निळा, नारिंगी, हिरवा असे तंतू दिसतात. ते हेच रंग का?

नाहीत, आणि हा गोंधळ अगदी अनुभवी कामगारांचाही होतो. ते रंग तंतूवरच्या बाहेरील लेपाचे आहेत. बारा कोरच्या केबलमध्ये कोणती कोर कोणती हे ओळखता यावे एवढाच त्यांचा उपयोग. आतली काच सगळ्यांची सारखीच असते. माहिती वाहणारे रंग अवरक्त पट्ट्यातले, साधारण १२६० ते १६२५ नॅनोमीटरच्या दरम्यानचे असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

शब्दांबद्दलही एक खुलासा येथेच करतो. कामावर आपण एका संपूर्ण तंतूला कोर म्हणतो, तर भौतिकशास्त्रात कोर म्हणजे त्या तंतूच्या मधोमध असलेला गाभा. या पानावर तंतूसाठी कोर आणि आतल्या भागासाठी गाभा असे शब्द वापरले आहेत.

प्रकाश सरळ रेषेत जातो असे शाळेत शिकलो. मग तो घाटातल्या वळणांवरून कसा जातो?

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव पाहिलेल्या प्रत्येकाला सरळ रेषेची किंमत ठाऊक आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात, ते वाटेत काहीही आड येत नाही तोवरच. एखाद्या इमारतीचा कोपरा किंवा आकाशातला ढग आडवा आला की सोहळा अपुरा राहतो. मोकळ्या हवेतला प्रकाश वळत नाही.

फायबरमध्ये प्रकाशाला वळवण्याचे काम दोन काचांमधला अगदी सूक्ष्म फरक करतो. एकरूप फायबरचा, म्हणजे ज्याला आपण सिंगल मोड म्हणतो त्याचा, गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्याभोवतीचे काचेचे आवरण धरून एकूण व्यास १२५ मायक्रोमीटर भरतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळून तिचा अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो हे सांगणारा आकडा) आवरणापेक्षा किंचित, एक टक्क्याहूनही कमी, वाढवलेला असतो. तेवढ्या फरकाने गाभ्यात तिरका जाणारा प्रकाश आवरणाच्या सीमेवर पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन आतच राहतो. इतक्या बारीक गाभ्यात किरण नागमोडी उड्या मारत जातो हे चित्र खरे तर अपुरे आहे, कारण तेथे प्रकाश एका तरंगाच्या रूपाने गाभ्याला धरून पुढे सरकतो आणि त्याचा थोडा भाग आवरणातही पसरलेला असतो. म्हणूनच फायबर फार घट्ट वाकवला की प्रकाश बाहेर गळतो आणि लांब तरंगलांबी आधी गळते. खिडकीच्या चौकटीशी खिळ्याला आवळलेल्या ड्रॉप केबलवर (घरापर्यंत येणाऱ्या बारीक केबलवर) १३१० नॅनोमीटरला सगळे ठीक दिसते आणि १५५० ला सिग्नल पडलेला असतो, याचे कारण हेच आहे.

इतके रंग एकत्र सोडल्यावर ते एकमेकांत मिसळत का नाहीत?

प्रयाग चिखलीच्या संगमावर नद्यांचे पाणी एकत्र येते आणि पुढे पंचगंगेतून भोगावतीचे पाणी निराळे काढता येत नाही. फायबरबद्दल बोलताना पुष्कळ जणांच्या मनात हेच चित्र असते, आणि येथे ते लागू पडत नाही. प्रकाशतरंग एकाच जागेतून जाताना त्यांची बेरीज होते, परंतु प्रत्येकाची वारंवारता जशीच्या तशी राहते. याला अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात. एकाच हवेतून आकाशवाणीची आणि इतर अनेक केंद्रे एकाच वेळी येतात आणि आपण हवे ते केंद्र निवडतो, तसेच हे आहे. फायबरमध्ये निवडीचे काम काचेची गाळणी करते.

हे विधान कमी तीव्रतेच्या प्रकाशाला जवळजवळ पूर्ण लागू आहे. तीव्रता वाढली की काच इतकी अलिप्त राहत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

टोकाला हे रंग वेगळे कसे करतात?

तीन पद्धती मुख्यतः वापरात आहेत. पहिलीत काचेवर अतिशय पातळ थर एकावर एक चढवलेले असतात; त्यांच्या जाडीमुळे होणाऱ्या व्यतिकरणातून (तरंग एकमेकांवर पडून वाढण्या-घटण्यातून) एक तरंगलांबी पार जाते आणि बाकीच्या परावर्तित होऊन पुढच्या गाळणीकडे जातात. आपल्याकडच्या बहुतेक लहान मक्स-डीमक्समध्ये हीच पद्धत असते. दुसरीत खुद्द फायबरच्या गाभ्यात अपवर्तनांकाच्या सूक्ष्म पट्ट्या कोरलेल्या असतात आणि त्या एकच रंग मागे फिरवतात. तिसऱ्या पद्धतीत एका चिपवर थोड्या थोड्या फरकाच्या लांबीचे अनेक प्रकाशमार्ग शेजारी शेजारी असतात. त्यातून बाहेर पडताना प्रत्येक रंग वेगळ्या दिशेला एकवटतो. चाळीस किंवा त्याहून अधिक रंग एकदम वेगळे करायचे असतील तेथे ही चिप सोयीची पडते.

या घटकांना वीज लागत नाही. लोक ही गोष्ट महत्त्वाची मानत नाहीत, परंतु महापुरात दिवसेंदिवस वीज नसलेल्या भागातून जाणाऱ्या मार्गावर, मधल्या ठिकाणी वीज न लागणारी डबी असणे हा फार मोठा आधार असतो. दोन्ही टोकांच्या यंत्रांना मात्र वीज लागतेच.

सगळी गर्दी १५५० नॅनोमीटरच्या आसपासच का?

काच तेथे सर्वांत पारदर्शक असते म्हणून. १३१० ला किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डीबी (डेसिबल) लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, होतो, तर १५५० ला सुमारे ०.२ डीबी. लहान तरंगलांबीकडे काचेतल्या सूक्ष्म असमानतेमुळे होणारे विकिरण वाढते आणि १६२५ च्या पुढे काचेचे रेणूच प्रकाश शोषू लागतात. त्या दोहोंच्या मधला तळ १५५० जवळ येतो. जुन्या फायबरमध्ये १३८३ नॅनोमीटरच्या आसपास काचेत अडकलेल्या पाण्याच्या अंशामुळे लॉसचा एक उंचवटा असे. जी ६५२ डी या प्रकारच्या फायबरमध्ये तो जवळजवळ काढून टाकलेला आहे. एखाद्या जुन्या केबलवर १३७१ किंवा १३९१ ची तरंगलांबी वापरायची असेल, तर आधी मोजून पाहावे.

डीबीचा हिशेब येत नसेल तर इतके लक्षात ठेवणे पुरते: ३ डीबी लॉस म्हणजे निम्मा प्रकाश उरला, १० डीबी म्हणजे दहावा हिस्सा आणि २० डीबी म्हणजे शंभरावा. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह काचतंतूतून दळणवळण शक्य आहे असे मांडले, तेव्हा किलोमीटरमागे २० डीबी हे त्यांचे उद्दिष्ट होते, म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरावा हिस्सा उरला तरी चालेल असे. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या संशोधकांनी ते गाठले. आज तेवढाच लॉस व्हायला १०० किलोमीटर लागतात. काव यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सीडब्ल्यूडीएम आणि डीडब्ल्यूडीएम यांत फरक काय, आणि आमच्यासाठी कोणते?

हे डब्ल्यूडीएमचेच दोन प्रकार आहेत; रंगांमध्ये किती अंतर ठेवायचे हा मूळ फरक आहे. सीडब्ल्यूडीएममध्ये शेजारच्या दोन रंगांत २० नॅनोमीटरचे अंतर असते आणि १२७१ पासून १६११ पर्यंत असे १८ रंग ठरवून दिलेले आहेत. डीडब्ल्यूडीएममध्ये अंतर वारंवारतेत मोजतात, १९३.१ टेराहर्ट्झ हा आधारबिंदू धरून १०० किंवा ५० गिगाहर्ट्झच्या घरांची आखणी केलेली असते. १०० गिगाहर्ट्झ म्हणजे या पट्ट्यात सुमारे ०.८ नॅनोमीटर. त्यामुळे १५३० ते १५६५ नॅनोमीटर एवढ्या अरुंद पट्ट्यात १०० गिगाहर्ट्झची घरे केल्यास चाळीस, तर ५० गिगाहर्ट्झची घरे केल्यास ऐंशीहून अधिक रंग बसतात.

किमतीतला फरक तापमानातून येतो. अर्धवाहक लेसर तापला की त्याची तरंगलांबी एका अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकते. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या पेटीतला लेसर आणि थंडीच्या पहाटेचा तोच लेसर यांत चार-पाच नॅनोमीटरचा फरक सहज पडू शकतो. सीडब्ल्यूडीएमच्या रुंद घरात तो सामावून जातो, त्यामुळे लेसर थंड ठेवण्याची गरज नसते आणि मॉड्यूल स्वस्त मिळते. डीडब्ल्यूडीएममध्ये तेवढ्या सरकण्याने लेसर शेजारची पाच घरे ओलांडून जाईल, म्हणून त्यात तापमान स्थिर राखणारा घटक बसवावा लागतो. शहरातल्या शहरात किंवा ४०–५० किलोमीटरच्या आत चार ते आठ प्रवाह हवे असतील तर सीडब्ल्यूडीएम घ्यावे. पुढे प्रकाश वाढवावा लागणार असेल किंवा रंग आठाहून बरेच वाढणार असतील, तर सुरुवातीपासून डीडब्ल्यूडीएम घेणे शहाणपणाचे आहे. दोन वर्षांनी सगळे बदलणे जास्त महाग पडते.

आमच्या घरी आलेल्या फायबरमध्येही हे असते का?

असते, आणि याचे बहुतेकांना आश्चर्य वाटते. घरोघरी पोहोचलेल्या जीपॉन (एका तंतूवरून अनेक घरांना इंटरनेट देण्याची पद्धत) जोडणीत एकाच तंतूतून १४९० नॅनोमीटरवर माहिती घराकडे येते आणि १३१० वर घराकडून जाते. केबलचालक टीव्हीचा सिग्नलही त्याच तंतूतून देत असेल तर तो १५५० वर असतो. म्हणजे राजारामपुरीतल्या एखाद्या सदनिकेच्या भिंतीवरच्या लहानशा पेटीत तीन रंग वेगळे होत असतात. एका स्प्लिटरवरची (एका तंतूचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या घटकावरची) सगळी घरे मात्र १३१० हा एकच रंग वाटून घेतात. प्रत्येक घराला पाठवण्यासाठी क्षणाचा ठराविक भाग नेमून दिलेला असतो. पुढच्या पिढीची एक्सजीएस-पॉन ही पद्धत १५७७ आणि १२७० नॅनोमीटर वापरते, म्हणून जुने आणि नवे ग्राहक एकाच तंतूवर आणि एकाच स्प्लिटरवर शेजारी शेजारी चालू शकतात. तरंगलांबींची वाटणी आधीपासून विचारपूर्वक केली, तर रस्त्यावरची एकही केबल न बदलता वेग कित्येक पटींनी वाढवता येतो, याचे हे सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

लांबच्या मार्गावर प्रकाश क्षीण झाल्यावर काय करतात?

कोल्हापूर ते पुणे हे अंतर महामार्गाने सुमारे २३० किलोमीटर आहे. किलोमीटरमागे ०.२ डीबी धरले तरी केवळ काचेचा लॉस ४६ डीबी होतो, आणि प्रत्यक्षात सांधे व कनेक्टर धरून तो त्याहून जास्त भरतो. म्हणून साधारण ८० किलोमीटरच्या टप्प्यांवर, म्हणजे या मार्गावर विचार केला तर कराड-साताऱ्याच्या परिसरात, प्रकाश पुन्हा वाढवावा लागतो.

पूर्वी हे काम करताना प्रत्येक प्रवाहाचे आधी विजेत रूपांतर करून मग नव्या लेसरने पुन्हा पाठवावे लागे. चाळीस रंग असते तर चाळीस यंत्रे लागली असती. १९८७ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात आणि अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये एर्बियम या मूलद्रव्याचा अंश मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक तयार झाला. त्याने हा प्रश्नच संपवला. या फायबरमध्ये ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा जोरदार लेसर सोडला की एर्बियमचे आयन उद्दीपित होतात. मग १५५० च्या आसपासचा क्षीण सिग्नल तेथून जाताना ते नेमका त्याच्यासारखाच प्रकाश त्यात भर घालून देतात. सिग्नल कोणत्या वेगाचा आहे, त्यावर काय लिहिले आहे, याच्याशी प्रवर्धकाला देणेघेणे नसते आणि त्या पट्ट्यातले सगळे रंग एकाच वेळी वाढतात. माझ्या मते डीडब्ल्यूडीएमचा खरा जन्म या शोधात आहे. गाळण्या त्याआधीही होत्या.

दुसरा एक मार्ग आपल्या देशाशी नाते सांगणारा आहे. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून खुद्द रस्त्याखालच्या फायबरलाच प्रवर्धक बनवता येते. सिग्नलपेक्षा सुमारे १०० नॅनोमीटर कमी तरंगलांबीचा जोरदार लेसर मार्गात सोडला की त्याची ऊर्जा सिग्नलकडे जाते. यासाठी वेगळे फायबर लागत नाही, मात्र एखादा कनेक्टर जरी अस्वच्छ असला तरी तेवढ्या तीव्रतेने तो जळून जातो.

काच अलिप्त राहत नाही म्हणजे काय? अपस्करण चांगले की वाईट?

माझ्या दृष्टीने हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग आहे, म्हणून येथे थोडा जास्त वेळ घेतो.

काचेत वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या गतीने जातात आणि त्यामुळे प्रकाशाचा स्पंद पसरतो; यालाच अपस्करण म्हणतात. लोलकातून रंग पसरतात त्याचे मूळही हेच. लेसरचा प्रकाश कितीही शुद्ध असला तरी त्यावर माहिती चढवली की त्याला थोडी रुंदी येते. १० गिगाबिटच्या सिग्नलला ती साधारण ०.०८ नॅनोमीटर असते. नेहमीच्या फायबरमध्ये १५५० ला दर किलोमीटरला आणि दर नॅनोमीटरमागे सुमारे १७ पिकोसेकंदांचे अपस्करण होते. ८० किलोमीटरनंतर हिशेब केला तर स्पंद सुमारे १०९ पिकोसेकंदांनी पसरलेला असतो, आणि १० गिगाबिटला एका बिटची जागाच मुळी १०० पिकोसेकंदांची असते. म्हणजे प्रकाश पुरेसा असूनही एक बिट शेजारच्या बिटावर जाऊन पडतो. प्रकाशाची शक्ती मोजणारा पॉवर मीटर उत्तम आकडा दाखवतो आणि जोडणी तरीही चुका करते, तेव्हा शंका याची घ्यावी.

हे टाळण्यासाठी १५५० लाच अपस्करण शून्य होईल अशी फायबर बनवण्यात आली; जी ६५३ हा तिचा प्रकार. एका रंगासाठी ती निर्दोष होती. अनेक रंग सोडताच तिच्यात एक वेगळाच दोष उघडा पडला. प्रकाशाची तीव्रता जास्त असली की काचेचा अपवर्तनांक त्या तीव्रतेनुसार किंचित बदलतो, आणि या बदलामुळे तीन रंग मिळून चौथा, कोणीही न पाठवलेला रंग तयार करतात. रंगांमधली अंतरे समान असतील तर हा आगंतुक नेमका एखाद्या खऱ्या प्रवाहाच्या घरात येऊन बसतो. सगळे रंग एकाच गतीने, पावलाला पाऊल जुळवून चालत असतील तर ही निर्मिती वाटभर साचत जाते; अपस्करणामुळे त्यांची पावले चुकत राहिली तर ती साचत नाही. म्हणजे एका रंगाचे नुकसान करणारे अपस्करण अनेक रंगांचे रक्षण करते. यातूनच जी ६५५ हा थोडे अपस्करण मुद्दाम शिल्लक ठेवणारा प्रकार आला, आणि आज अपस्करणाचा हिशेब ग्राहकयंत्रातली चिप गणिताने चुकता करत असल्यामुळे साधी जी ६५२ फायबरच पुन्हा सर्वांत उपयोगी ठरली आहे.

एका रंगावर किती माहिती जाऊ शकते?

केवळ तीव्रता कमी-जास्त करून एका रंगावर १० गिगाबिट सहज जातात. त्याहून पुढे जाण्यासाठी प्रकाशाची कलाही (फेज) वापरतात, आणि एकमेकांस लंब अशा दोन ध्रुवण-दिशांवर (तरंगाच्या कंपनाच्या दिशांवर) दोन स्वतंत्र प्रवाह चढवतात. २०१० च्या सुमारास या पद्धतीने ५० गिगाहर्ट्झच्या एका घरात १०० गिगाबिट बसवणारी यंत्रणा व्यवहारात आली. असे ९६ रंग धरले तर एका तंतूतून ९,६०० गिगाबिट प्रति सेकंद जातात. आता हाताच्या बोटांएवढ्या मॉड्यूलमधून एका रंगावर ४०० गिगाबिट पाठवता येतात.

जास्त रंग लावल्याने इंटरनेट लवकर पोहोचते का?

नाही. क्षमता वाढते, प्रकाशाची गती तीच राहते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पुण्याला पोहोचायला सुमारे सव्वा मिलिसेकंद लागणारच.

आमच्या कारखान्यासाठी नवी केबल टाकावी की आहे त्या कोरवर रंग वाढवावेत?

आधी हिशेब करावा, मग ठरवावे. समजा शहरातले कार्यालय आणि कागलचा कारखाना यांच्यामध्ये भाड्याने घेतलेली एक कोरची जोडी आहे आणि तिच्यावर एकच १ गिगाबिटची जोडणी चालते. आता सीसीटीव्ही, हिशेबाची प्रणाली आणि दुसऱ्या युनिटचा प्रवाह स्वतंत्र ठेवायचा आहे. केबलची लांबी २० किलोमीटर धरली आणि सावधपणे किलोमीटरमागे ०.२५ डीबी लॉस धरला तर ५ डीबी होतात. आठ सांधे प्रत्येकी ०.१ डीबीचे म्हणजे ०.८. दोन्ही टोकांचे मिळून चार कनेक्टर प्रत्येकी ०.५ डीबीचे म्हणजे २. मक्स आणि डीमक्स मिळून ४ ते ५ डीबी. बेरीज १३ डीबीच्या आत येते. लेसर ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॉट) देत असेल आणि ग्राहकयंत्राला उणे २४ डीबीएमपर्यंत चालत असेल, तर ११ डीबी शिल्लक राहतात. पुढे केबल दोन-तीनदा तुटून सांधे वाढले तरी चिंता नाही. अशा वेळी नव्या खोदाईवर, परवानगीवर आणि रस्ता पूर्ववत करण्यावर होणारा खर्च मला समर्थनीय वाटत नाही.

हा १५५० च्या बाजूच्या रंगांचा हिशेब आहे. १२७१ किंवा १३११ चा रंग घेतला तर किलोमीटरमागे ०.४ डीबी धरावे आणि बेरीज पुन्हा करावी. कनेक्टरचा प्रकारही पाहावा: हिरव्या टोपणाचा कनेक्टर ८ अंशांनी तिरका घासलेला असतो, निळ्याचे टोक तसे नसते, आणि ते दोन जबरदस्तीने जोडले तर लॉस कित्येक डीबीने वाढतो.

सगळे बरोबर लावले तरी लिंक का येत नाही?

बहुतेक वेळा उत्तर धूळ हेच असते. ९ मायक्रोमीटरच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण हा मोठा धोंडा आहे, आणि औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीची काजळी सर्वत्र असते. कनेक्टर लावण्याआधी प्रत्येक वेळी पुसावा, शर्टाच्या टोकाने पुसू नये.

दुसरे कारण मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवून शिकलो. एकाच तंतूवर दोन्ही दिशांना चालणारे एसएफपी (यंत्रात बसवायचे लहान लेसर-मॉड्यूल) जोडीने येतात: एक १३१० पाठवतो आणि १५५० घेतो, दुसरा त्याच्या उलट. दोन्ही टोकांना मी सारखेच लावले होते, पॉवर मीटरवर प्रकाश दिसत होता आणि लिंक येत नव्हती. तेव्हापासून लेबलवरचे दोन्ही आकडे मोठ्याने वाचूनच मॉड्यूल बसवतो.

या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते का?

होऊ शकते. तो दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही आणि वेदनेची सूचनाही मिळत नाही. अनेक रंग एकत्र आले की त्यांची तीव्रताही एकत्र होते आणि प्रवर्धकानंतरची कोर तर निश्चितच धोकादायक असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रिमोटचा प्रकाश दिसतो म्हणून फायबरचाही दिसेल असे समजून काही मुले तपासतात. कॅमेऱ्याची सिलिकॉन चिप सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश ओळखतच नाही, त्यामुळे कॅमेऱ्यात अंधार दिसला तरी कोर बंद आहे असे होत नाही. पॉवर मीटर लावावा, आणि तो नसेल तर कोर चालू आहे असेच धरून चालावे.

केबल तुटली तर सगळे रंग एकदम जातात ना?

जातात, आणि रंग वाढवण्याचा सल्ला देताना ही गोष्ट मी आधी सांगतो. जेसीबीचा एक दात लागला की आठही प्रवाह एका क्षणात बंद होतात. जितके जास्त रंग, तितका एका घावाचा फटका मोठा. म्हणून तरंगलांबी वाढवून जो खर्च वाचतो, त्यातला काही भाग दुसऱ्या मार्गासाठी राखून ठेवावा. एका कोरच्या जोडीवर सोळा रंग असण्यापेक्षा वेगवेगळ्या रस्त्यांनी जाणाऱ्या दोन जोड्यांवर आठ-आठ असणे मी केव्हाही पसंत करेन.

दुसरा मार्ग खरोखर दुसरा आहे का, हे कागदावर न पाहता जागेवर जाऊन पाहावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक कित्येक दिवस बंद होती. अशा वेळी तुटलेल्या जागेपर्यंत माणूस आणि स्प्लायसिंग मशीन पोहोचवणेच अशक्य होते. दोन्ही केबल शहराबाहेर पडताना एकाच पुलावरून पंचगंगा ओलांडत असतील, तर नकाशावर दोन रेषा असूनही मार्ग एकच असतो.

तुटल्यावर कामाला लागताना ओटीडीआरने (तंतूत प्रकाश सोडून तुटीची जागा शोधणाऱ्या यंत्राने) अंतर मिळते, परंतु कोणत्या कोरवर काय चालते हे ओटीडीआर सांगत नाही. प्रत्येक कोरसमोर तिच्यावरच्या तरंगलांबी, त्यांवरचे प्रवाह आणि शेवटी मोजलेला लॉस लिहिलेली वही दोन्ही टोकांना ठेवावी. रात्री पावसात जॉइंट बॉक्स उघडून बसल्यावर बारा कोर लेपाच्या रंगांच्या क्रमाने जोडत बसू नये. ज्या कोरवर सर्वाधिक तरंगलांबी आहेत, ती त्या वहीत पाहून आधी जोडावी.